सामानापाशी राहिलेली माणसे

परक्या देशाच्या सैन्याची भांडी घासणारा मनुष्य युद्ध करतो काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु ज्या घरातील मुलगा, भाऊ किंवा नवरा कुवेत, इराक अथवा अफगाणिस्तान येथील लष्करी तळावर स्वयंपाकी, धोबी, वायरमन किंवा कोठारातला कारकून म्हणून राहून आला आहे, त्या घरात तो विचित्र वाटत नाही. गोव्यापासून केरळापर्यंतच्या किनारपट्टीवर अशी घरे आहेत. आपल्या मंडळ्यांतही आहेत. मात्र घरात हा प्रश्न सहसा कोणी तोंडावर आणीत नाही. मंदिराच्या छपराला नवे पत्रे घालण्यासाठी त्या मुलाने पाठविलेली रक्कम वाचून दाखविली जाते, तेव्हा मागच्या बाकावर कुजबुज होते. "पैसा लढाईचा आहे," असे कोणी म्हणतो. शेजारचा म्हणतो, "त्याने कुठे बंदूक धरली? तो तर भात शिजवीत होता."

या दोन वाक्यांच्या मध्ये जे अंतर आहे, त्याविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

लष्करी वस्ती आपल्याला नवी नाही. ग्वाल्हेरच्या अर्ध्या शहराचे नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास तेथे छावणी टाकली आणि छावणीचे शहर झाले. इंदूरवाल्यांना महू ठाऊक आहे, हैदराबादकरांना सिकंदराबाद, आणि बेळगावच्या कॅम्पात तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या कवायतीचा आवाज ऐकतच कित्येकांचे बालपण गेले. छावणीला दूध, अंडी, मटण पुरविणारे, न्हावी, धोबी, शिंपी यांची घराणी आपण पाहिली आहेत. त्यांच्या पैशाविषयी कोणी कुजबुजले नाही. फौज आपली, गाव आपले, आणि बहुतेक काळ शांततेचा. परंतु समुद्रापलीकडे, जेथे फौज तिसऱ्याची, भूमी चौथ्याची, आणि रात्री तोफगोळे पडत आहेत, तेथे हेच काम करणाऱ्याकडे आपण निराळ्या नजरेने पाहतो. निराळे पाहावे की नाही, हे ठरविण्यापूर्वी तेथील दिवस कसा जातो तो पाहू.

पूर्वी शिपायाची भाकरी शिपाईच भाजीत असे, किंवा फौजेबरोबर नावनिशी नोंदविलेले नोकर असत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून साडेपाच लाखांवर बिनलढाऊ माणसे भरती झाली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, बंदरावर ओझी वाहणारे, खेचरे हाकणारे, भिस्ती, मेहतर, स्वयंपाकी असे ते लोक होते. अमेरिकी सैन्याने १९८५ मध्ये निराळी योजना आखली. लॉगकॅप या नावाने ती ओळखली जाते. जेवण, पाणी, धुणे, वीज, राहण्याच्या खोल्या, संडास, इंधन, ही सर्व कामे खासगी कंपनीला कंत्राटाने द्यावयाची, कंपनीने ती पोटकंत्राटाने दुसरीला, दुसरीने तिसरीला. अशा रीतीने टेक्सासमध्ये सही झालेल्या कागदाचे शेवटचे टोक दुबईतल्या एखाद्या मनुष्यबळ कंपनीच्या हाती आणि तेथून आपल्याकडच्या एजंटाच्या टेबलावर येऊन पोहोचते. अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या युद्धकालीन कंत्राट आयोगाने ऑगस्ट २०११ मध्ये अंतिम अहवाल दिला. २०१० साली इराक व अफगाणिस्तान मिळून कंत्राटी माणसांची संख्या २,६०,००० च्या वर गेली होती, असे त्यात म्हटले आहे. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेबाहेरचे होते. जे अमेरिकेचेही नाहीत आणि ज्या भूमीवर तळ आहे तेथलेही नाहीत, त्यांना कागदोपत्री 'तिसऱ्या देशाचे नागरिक' म्हणतात. भारतीय, नेपाळी, फिलिपिनो, श्रीलंकन, बांगलादेशी, युगांडाचे, फिजीचे लोक, हे सर्व त्या एका नावात बसतात.

यांचा दिवस बहुधा बारा तासांचा, आणि आठवडा सात दिवसांचा. शब्बाथ पाळावयाचा तर पाळी बदलून घ्यावी लागते. तळ म्हणजे वाळवंटातले एक नगरच. जमिनीवर धूळ बसावी म्हणून जिकडे तिकडे खडी पसरलेली असते. बूट झिजतात आणि पाय दुखतात. जनरेटरचा आवाज रात्रंदिवस चालू असतो, इतका की तो बंद पडला तर माणूस झोपेतून जागा होतो. राहण्यासाठी लोखंडी कंटेनर किंवा फळकुटांच्या खोल्या, त्यांत एकावर एक खाटा. भोवती तारेच्या जाळीचे, आतून जाड कापड लावलेले आणि वाळूने भरलेले प्रचंड पेटारे रचून भिंती केलेल्या असतात, आणि ठिकठिकाणी सिमेंटच्या उंच फळ्या. भोंगा वाजला की हातातले टाकून जमिनीवर पालथे पडावयाचे, मग जवळच्या सिमेंटच्या बोगद्यात शिरावयाचे, आणि सर्व शांत झाल्याचा दुसरा इशारा झाला की परत येऊन करपलेल्या भाताकडे पाहावयाचे. पहिल्या आठवड्यात हात कापतात. तिसऱ्या महिन्यात कित्येकजण भोंग्याने उठतही नाहीत, असे तेथून आलेले लोक सांगतात, आणि ते सांगताना हसतात. ते हसणे ऐकणाऱ्याला नीट समजत नाही.

भोजनगृह फार मोठे असते. दारात हात धुण्याच्या नळांची रांग, ओळखपत्र दाखविल्याखेरीज प्रवेश नाही, आणि शिपाई बंदूक पायापाशी ठेवून जेवतात. चार वेळा वाढप. मध्यरात्रीचेही एक असते, कारण गस्तीवरून येणाऱ्यांना वेळ नसतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी कालवासारखे समुद्री पदार्थ, शेवंडे, मांसाचे मोठे तुकडे. हे सारे शेकडो मैलांवरून शीतपेटीत येते. अफगाणिस्तानचे पुष्कळसे सामान कराचीला उतरून ट्रकने खिंडीतून जात असे. नोव्हेंबर २०११ ते जुलै २०१२ पाकिस्तानने तो रस्ता बंद ठेवला तेव्हा सारे सामान उत्तरेकडून फार मोठा वळसा घालून किंवा विमानाने न्यावे लागले. कंदाहारच्या तळावर तर लाकडी फळ्यांचा चौकोनी बाजार होता, त्यात २००६ ते २०११ पर्यंत कॅनडातल्या प्रसिद्ध कॉफीचे दुकान चालत होते. त्याच तळावर सांडपाण्याचे एक मोठे तळे होते आणि वारा फिरला की कॉफी पिणाऱ्याला दोन्हींचा वास येई. या गोष्टी मी थट्टेने सांगत नाही. जेथे माणसे मरतात तेथे आइस्क्रीम लागते, ही युद्धाची एक गंभीर गोष्ट आहे, आणि ते आइस्क्रीम वाढणारा हात बहुधा आपल्यासारख्याच रंगाचा असतो.

त्या हाताला तेच जेवण मिळत असे काय? काही ठिकाणी मिळे. पुष्कळ ठिकाणी तिसऱ्या देशाच्या माणसांची वसाहत निराळी आणि जेवणही निराळे. मे २०१० मध्ये बगदादमधल्या सर्वांत मोठ्या तळावर एका मनुष्यबळ कंपनीच्या वसाहतीत हजाराहून अधिक कामगारांनी, त्यांत मुख्यतः भारतीय व नेपाळी होते, दंगा केला. निमित्त एवढेच की दिवसभर राबून आलेल्यांना जेवण उरले नाही असे सांगण्यात आले. इतरांची नावे जगाच्या वर्तमानपत्रांत येतात तशी यांची येत नाहीत; 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात २०११ साली सारा स्टिलमन या पत्रकार बाईंनी लिहिले म्हणून ही हकिकत बाहेर आली. त्यांच्याच लेखात फिजी बेटांवरच्या स्त्रियांची गोष्ट आहे. दुबईत सौंदर्यगृहात नोकरी, असे सांगून त्यांना नेले आणि उतरल्या त्या इराकमध्ये.

असे फसणे अपवादात्मक नव्हते. ऑगस्ट २००४ मध्ये १२ नेपाळी तरुण जॉर्डनमधून इराककडे नेले जात असता पकडले गेले आणि मारले गेले. त्यांतील पुष्कळांना अम्मानच्या हॉटेलातील नोकरीचे आमिष दाखविले होते. बातमी काठमांडूला पोहोचली तेव्हा जमावाने तेथील मशीद फोडली, एजंटांच्या कचेऱ्याही जाळल्या. पहिली गोष्ट अन्यायाची होती. दुसरीत निदान राग कोणावर धरावा याची काही जाण होती. त्याच सुमारास इराकमध्ये पकडलेले तीन भारतीय ट्रकचालक सुटून आले. भारत सरकारने त्या वर्षी कामासाठी इराकला जाण्यास बंदी केली. तरी माणसे कुवेत आणि दुबईच्या व्हिशावर निघून पुढे जातच राहिली. अमेरिकेच्या अध्यक्षांना सप्टेंबर २०१२ मध्ये हुकूम काढावा लागला की सरकारी कंत्राटातील कोणीही कामगाराकडून भरतीचे पैसे घेऊ नयेत, त्याचा पासपोर्ट अडकवू नये, त्याला कामाविषयी खोटे सांगू नये. ज्या गोष्टींना मनाई करावी लागते त्या घडत असतात, हे निराळे सांगावयास नको.

आता मागच्या बाकावरच्या कुजबुजीकडे वळू.

आपल्या भाषेत अशा माणसांसाठी एक शब्द आहे, आणि तो शिवी आहे. बाजारबुणगे. फौजेमागून चालणारे वाणी, कलाल, लोहार, घोड्यांचे मोतद्दार, पाणके, बायकामुले, यात्रेकरू, या सर्वांना मिळून तो वापरीत. पानिपतच्या स्वारीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे अधिक होते, असे इतिहासकार सांगतात, आणि १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची कारणे मोजताना बुणग्यांचे ओझे हे एक कारण शाळेतल्या मुलालाही पाठ असते. ओझे होते हे खरे. परंतु दाणा कोणी दळला, घोड्यांना नाल कोणी ठोकले, जखमीला पाणी कोणी पाजले, हे त्या हिशेबात येत नाही. आणि पराभवानंतर छावणीत सापडलेल्या हजारोंची जी कत्तल झाली व जे गुलाम म्हणून नेले गेले, त्यांची नावे कोणत्याही बखरीने दिली नाहीत. आजही निरुपयोगी, आगंतुक माणसाला आपण बाजारबुणगा म्हणतो. ज्याच्यावाचून फौज एक आठवडा चालली नसती त्याच्या नावाची आपण शिवी केली, याचा विचार करण्यासारखा आहे.

पवित्र शास्त्रात निराळा दाखला सापडतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना १ शमुवेलचा तिसावा अध्याय परिचित आहे. अमालेक्यांनी सिकलाग जाळून बायकामुले नेली, दावीद सहाशे माणसे घेऊन पाठलागास निघाला, आणि बसोर ओहोळापाशी दोनशेजण थकून पडले. ते सामानापाशी राहिले, चारशे पुढे गेले, सर्व सोडवून आणले आणि लूटही आणली. मग चारशेंतील काही दुष्ट लोक म्हणू लागले की यांना आपापली बायकामुले द्या आणि घालवून द्या, लुटीत वाटा नको. दाविदाने ते मानले नाही. लढावयास गेलेल्याचा आणि सामान राखणाऱ्याचा वाटा सारखाच, असा त्याने नियम घातला व तो पुढे चालू राहिला.

हा पाठ आपण न्यायाचा व औदार्याचा म्हणून शिकवितो, आणि तो तसा आहेच. परंतु त्याला दुसरी बाजू आहे, तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. लुटीत वाटा सारखा असेल तर लढाईच्या जबाबदारीतही वाटा सारखा मानावा लागेल. ज्याने सारखा वाटा घेतला त्याला मागाहून 'मी ओहोळाच्या अलीकडे होतो' असे म्हणता यावयाचे नाही. म्हणजे दाविदाचा नियम स्वयंपाक्याला मान देतो आणि त्याच श्वासात त्याला बांधतोही.

पण मग ज्याला सारखा वाटा दिलाच नाही, त्याचे काय? अमेरिकी वायरमनच्या पगाराचा दहावा हिस्साही ज्याला पुष्कळदा मिळाला नाही, त्याच्यावर दहाही हिस्से जबाबदारी कोणत्या न्यायाने लादावी? उपरोक्त आयोगाने म्हटले आहे की कंत्राटांत किमान ३१ अब्ज आणि कदाचित ६० अब्ज डॉलर उधळपट्टीत व लबाडीत गेले. ते ज्यांच्याकडे गेले ते तोफगोळ्यांपासून फार दूर बसले होते. तेव्हा बंदुकीपासून मनुष्य किती हात अंतरावर उभा आहे, यावरून त्याचा दोष मोजणे चुकीचे आहे. आगीजवळ उभा असतो तो लाकडे टाकणारा. जंगल विकणारा तिथे नसतो.

आपल्या रोमन कॅथॉलिक बंधूंच्या नीतिशास्त्रात यावर जुना खल आहे. मालक दुष्कर्मासाठी खिडकीतून आत शिरतो आणि नोकर हुकुमावरून शिडी आणतो, धरतो. नोकराला पाप लागते काय? नोकरी जाण्याची भीती असेल तर लागत नाही, असे काही पंडित म्हणत. पोप इनोसंट अकरावे यांनी १६७९ मध्ये ते मत निषिद्ध ठरविले. पुढे अल्फान्सस लिगोरी यांनी जो भेद मांडला तो मला उपयोगी वाटतो. मालकाला जे हवे तेच नोकरालाही हवे आहे काय, हे प्रथम पाहावे. हवे असेल तर हात कितीही दूर असो, तो सामील आहे. नसेल, त्याने फक्त स्वतःचे काम केले आणि ते काम स्वतः निर्दोष असेल, तर मग ते काम दुष्कृत्याला किती जवळून उपयोगी पडते, ते नाकारणे त्याला किती शक्य होते, आणि नाकारल्याने त्याच्यावर काय ओढवले असते, हे पाहावे. भात शिजविणे निर्दोष काम आहे. बाँब विमानात चढविणे त्याच तळावरचे दुसरे काम आहे, आणि ते भातासारखे नाही.

कायदाही जवळजवळ असेच म्हणतो. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्याबरोबर असणारे पण सैन्याचे नसलेले कंत्राटदार व कामगार यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ते पकडले गेले तर युद्धकैद्याची वागणूक मिळण्यास पात्र आहेत, तथापि ते नागरिकच आहेत. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने २००९ मध्ये दिलेल्या विवरणानुसार स्वयंपाक करणे म्हणजे लढाईत प्रत्यक्ष भाग घेणे नव्हे, आणि म्हणून स्वयंपाक्यावर नेम धरता येत नाही. पण २१ डिसेंबर २००४ रोजी मोसुलच्या तळावर दुपारच्या जेवणाच्या तंबूत स्फोट झाला, त्यात २२ माणसे मेली. १४ अमेरिकी शिपाई, ४ इराकी शिपाई आणि ४ कंत्राटी नोकर. आत शिरलेल्या मारेकऱ्याने करार वाचला नव्हता.

आणि कधीकधी ओहोळच सरकतो. २०२३ च्या अखेरीपासून आपल्या देशातील काही तरुणांना रशियात 'सैन्याचा मदतनीस' म्हणून नेण्यात आले. काम सामानाचे, स्वयंपाकाचे, असे सांगितलेले. तेथे गेल्यावर ज्या भाषेचे अक्षर वाचता येत नाही त्या भाषेतल्या कागदावर सह्या घेतल्या आणि थोड्याच दिवसांच्या शिक्षणानंतर युक्रेनच्या आघाडीवर धाडले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरतचा एक आणि हैदराबादचा एक तरुण तेथे मेला. केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्चमध्ये गुन्हा नोंदवून धाडी घातल्या. अशा मुलाला कोणी भाडोत्री शिपाई म्हणत असेल तर त्याने आधी त्या कागदाची भाषा वाचून दाखवावी.

यावरून कोणी असे समजू नये की तळावरच्या माणसाला नीतीचा प्रश्न उरतच नाही. उरतो, आणि रोज उरतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडा असे सांगितले नाही. जुलमाने पैसे काढू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात तृप्त असा, असे सांगितले. हे उत्तर काहींना मिळमिळीत वाटते. मला वाटत नाही, कारण अफगाणिस्तानात डिझेलचे टँकर रिकामे होत आणि कागदावर भरलेले राहत, आणि प्रत्येक अशा कागदाखाली कोणा ना कोणा कारकुनाची सही लागे. तसेच, रोज पहाटे तळाच्या फाटकापाशी गावातले मजूर रांगेत उभे राहत. त्यांची अंगझडती होई, आत त्यांच्यावर पहारा असे, संध्याकाळी त्यांना बाहेर काढीत. हुद्द्यांच्या त्या उतरंडीत आपला माणूस शिपायाच्या खाली पण या अफगाणाच्या वर असे. वर बसलेला मनुष्य खालच्याशी कसा बोलतो, यात पाप करण्यास भरपूर जागा आहे. त्यासाठी बंदूक लागत नाही. जुलै २०२१ च्या आरंभी अमेरिकनांनी बगराम सोडले, १५ ऑगस्टला काबूल पडले, आणि पुढच्या दिवसांत आपल्या लोकांना विमानांनी आणले गेले. त्यांच्या हाताखाली फरशी पुसणारा अफगाण तेथेच राहिला. त्याचे नाव आठवते का, हे परत आलेल्याला विचारून पाहावे. कित्येकांना आठवते, असा माझा अनुभव आहे, आणि ते नाव घेताना ते गप्प होतात.

परंतु सर्वांत अवघड गोष्ट इच्छेची आहे. युद्ध लांबले की कंत्राट लांबते. सैन्य परत बोलावण्याची घोषणा होते तेव्हा जगातील भली माणसे आनंदतात, आणि मडगाव किंवा म्हापशाच्या एखाद्या घरात बँकेच्या हप्त्याची चिंता सुरू होते. मुलाची नोकरी टिकावी म्हणून आई प्रार्थना करते. ती कशासाठी प्रार्थना करीत आहे, हे तिला ठाऊक नसते, आणि कोणी तिला सांगावे असेही मी म्हणत नाही. लिगोरींची कसोटी मात्र येथे बोचते. भात शिजविणाऱ्याचा हात निर्दोष आहे. पण पुढच्या वर्षीही शिपाई जेवावयास असावेत अशी इच्छा मनात धरली की ती इच्छा युद्धाच्या बाजूला जाऊन उभी राहते. तळावरच्या माणसाला निदान भोंगा वाजला की शांतता हवीशी वाटते. घरी बसलेल्यांना भोंगा ऐकू येत नाही. म्हणून ही इच्छा त्याच्यापेक्षा आपल्या मनात अधिक निवांत वाढते.

यहूदाने तीस रुपये परत आणून टाकले, तेव्हा मुख्य याजकांना शंका पडली की रक्ताचे मोल दानकोशात घालणे योग्य नाही. शंका शास्त्राला धरून होती. परंतु ते रुपये मोजून दिले कोणी? ज्या थैलीतून ते निघाले त्या थैलीविषयी त्यांना शंका आली नव्हती. आपल्या मुलाला एजंटाकडे नेताना बांगड्या गहाण ठेवणारे आपण, तो पोहोचल्यावर उपकारस्तुती करणारे आपण. आणि पत्र्यांची रक्कम वाचली गेली की पैशाची जात विचारणारेही आपणच. माझ्या मते ती रक्कम घ्यावी. मात्र ती घेताना त्याला खोकला कसला आहे हेही विचारावे.

कारण खोकला असतो. इराकमधील बलदच्या तळावर दहा एकरांच्या आसपास पसरलेला जळता खड्डा होता. प्लास्टिक, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्याचा कचरा, सर्व विमानाचे तेल ओतून जाळीत. तो २००९ मध्ये बंद झाला, पण असे खड्डे पुष्कळ तळांवर होते. त्या धुराने आजारी पडलेल्या माजी सैनिकांसाठी अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये मोठा कायदा केला. खड्ड्यात कचरा ढकलणारा कंत्राटी कामगार त्या कायद्यात नाही. त्याच्यासाठी आहे तो १९४१ चा जुना विमा-कायदा, डिफेन्स बेस अ‍ॅक्ट. त्यात परदेशी माणसालाही भरपाई आहे. मात्र परदेशी वारसांचे हप्ते एकरकमी चुकते करावयाचे ठरले तर हिशेबाने येणाऱ्या रकमेच्या निम्मी देण्याची मुभाही आहे. मेलेल्या शिपायाचे नाव संरक्षण खाते जाहीर करते. कंत्राटी माणसाचा मृत्यू श्रम खात्याच्या वहीत विम्याचा दावा म्हणून नोंदला जातो, आणि दावा कोणी केलाच नाही तर बहुधा नोंदही होत नाही. पुष्कळ कुटुंबांना असा कायदा आहे हेच ठाऊक नव्हते.

म्हणून मंडळीतील कोणी अशा कामावर निघत असेल तर शिक्षकांनी व पंचांनी त्याच्याबरोबर बसून काही गोष्टी विचाराव्यात. एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे काय. व्हिसा ज्या देशाचा आहे, काम त्याच देशात आहे काय. पगार देणारी कंपनी कोणती, आणि तिच्या वरची कोणती. पासपोर्ट कोणाच्या पेटीत राहणार. तळावर कामाच्या जागी या विमा-कायद्याची सूचना लावलेली असावी लागते व तिच्यावर विमा कंपनीचे नाव असते. पहिल्याच आठवड्यात ते नाव उतरवून घरी कळवावे, आणि कराराची एक प्रत बायकोजवळ किंवा आईजवळ ठेवावी. मृत्यूचा दावा साधारणतः एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो, आणि तो इंग्रजीत असतो. मंडळीत इंग्रजी लिहिणारे पुष्कळ आहेत.